गोष्टीतली चोळी

चोळी आली तेव्हा मी वरवंट्याला टाकी घालत बसले होते. शाळेत खिचडी शिजवणारी शेवंता खाणीच्या उतारावरून सावकाश आली आणि तिनं हातातली पिशवी माझ्यापुढं अशी ठेवली, जशी काय आत नागाची पिल्लं आहेत.

"काय गं हे?"

"गुरुजींनी दिलंय. उद्याच्याला."

"उद्या माझं लगीन लावणार हायत व्हय गुरुजी?"

"वाचन मेळा हाय न्हवं. तुमाला पुढं खुर्चीवर बसायचंय. तालुक्याचा साहेब येणार." शेवंता माझ्याकडं सोडून सगळीकडं बघत होती. "मग गुरुजी म्हणले, तिम्माबाईंना मान म्हणून द्या."

मी टाकी खाली ठेवली, हात लुगड्याला पुसले आणि पिशवी उघडली. लाल ब्लाउज. शिवलेला, हुकांचा, बाह्यांना सोनेरी काठ.

"शेवंते, मान डोक्यावर बांधत्यात, खांद्यावर घालत्यात. हा मान काखंत घालायचा दिसतोय."

शेवंताला हसू आलं, पण तिनं ते पदरात दाबलं. शाळेची भाकर खाते बिचारी.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही वडार. तुमच्या घरातला पाटा, जातं, उखळ, तुमच्या देवळाची पायरी, तुमच्या रस्त्याची खडी, हे सगळं आमच्या हातून गेलेलं. आमच्यातल्या जुन्या बायका चोळी घालत नाहीत. माझ्या आजीनं घातली नाही, आईनं घातली नाही, मी घातली नाही. सुना घालतात, पोरी घालतात, त्यांचं त्यांना. लुगड्याचा पदर आम्ही असा आवळून घेतो की दिवसभर घण मारला तरी तसूभर हलत नाही. आणि ज्याला बघायचंच असतं, तो चोळीच्या आतलंही बघतो. त्याच्या डोळ्यांना शिंपी कुठून आणायचा?

पण ती पिशवी मी परत पाठवली नाही. का, ते सांगायला अंबीपासून सुरुवात करायला पाहिजे.

अंबी माझी नात. माझ्या हणमंताची थोरली. तेव्हा तिसरीत होती. घरी तिचं तोंड जात्यासारखं चालायचं, शाळेत मात्र पाट्यासारखी गप. पहिलीत असताना एकदा तिला तहान लागली आणि ती "नीळ्ळू" म्हणाली. आमच्या वडारीत पाण्याला तेच म्हणतात. सगळा वर्ग खोखो हसला. तेव्हाच्या बाईंनी तिला समोर उभी करून म्हटलं, पाणी म्हण, मग मिळेल. अंबी काही म्हणाली नाही. तशीच तहानलेली घरी आली. त्या दिवसापासून शाळेत तिनं तोंड उघडलं नाही. पोरं तिला "काळी दगडी" म्हणायची. लवटे गुरुजी मला म्हणायचे, "तिम्माबाई, पोरगी मंद आहे." मी म्हणायची, "मंद असती तर तुमच्या शाळेत रमली असती की."

हे झालं तोंडचं. पण मनात काटा होताच. कारण हणमंता. त्याला कर्नाटकात रस्त्याच्या कामावर मुकादमानं बोलावलं होतं. तो, सूनबाई आणि अंगावरची दुर्गी. मग दिवसभर दुर्गीला कोण सांभाळणार? म्हणून त्यानं ठरवलं होतं, अंबीलाही न्यायचं.

"तिसरीत गेली, अव्वा, अजून एक अक्षर तोंडातनं भाईर न्हाई. मग हितं काय करती? तितं निदान पोरीला तरी धरंल."

"वाचंल ती."

"कवा? साहेब येणार हाय म्हणं मेळ्याला. सगळ्या पोरांचं वाचून घेणार हाय. त्याच्यापुढं वाचली तर ऱ्हाऊ दे तुझ्याजवळ. न्हाई वाचली तर दुसऱ्या दिवशी गाडीत."

"वाचंल," मी पुन्हा म्हटलं. माझ्या आवाजात भरवसा होता. भरवसा आवाजातच होता, दुसरीकडं कुठंच नव्हता.

त्याच साली शाळेत केतकी मॅडम आली होती. पुण्याची. कुठल्या तरी संस्थेनं दोन वर्षांसाठी पाठवलेली. बारीक पोरगी, खांद्याला झोळी, पायात पुरुषासारखी चप्पल. एक दिवस सरळ खाणीवर आली आणि न झाडताच दगडावर बसली. ते मला आवडलं, पण तोंडावर दाखवलं नाही.

"आजी, अंबिकाला मी तिच्या घरच्या गोष्टींतून वाचायला शिकवणार आहे. तुमच्या भाषेतले शब्द, तुमची कामं, तुमच्या कथा. तुम्ही मला सांगाल का एखादी?"

"घरच्या गोष्टी तिला घरी हायत, बाई. शाळेत धाडलीया ती शाळेतलं शिकाया. पाटलाची पोरगी जे वाचती तेच हिला वाचू द्या."

"पण पाटलांच्या मुलीला पुस्तकात तिचं घर दिसतं. अंबिकाला तिचं कुठंच दिसत नाही."

"आमचं घर कुणालाच दिसत न्हाई. गावात खाणीकडं बघायची रीत न्हाई. त्याला पुस्तक काय करंल?"

"मग पुस्तकात आणूया ना."

"तुमी आणा. पर एक ध्यानात ठेवा. गाढव, टाकी, दगूड हे तिला शिकवायला शाळा कशाला? ते माझ्याकडं फुकट हाय."

कुणी दुसरी असती तर नाक मुरडून गेली असती. ही हसली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. तिसऱ्या दिवशीही. टाकीचा कच तिच्या केसांत बसायचा आणि ती तशीच बसायची.

मग शाळेत काय काय व्हायला लागलं ते अंबी घरी येऊन सांगायची. घरी तिला बोलायला कधीच अडचण नव्हती. भिंतीवर म्हणे मॅडमनी सगळ्या पोरांच्या घरचे शब्द लावले. "नीळ्ळू" पण लावला. त्याच्या शेजारी पाणी, जल, आणि लमाणांच्या पोरानं दिलेला त्यांचा शब्द. मग एक दिवस रंगांची पेटी. त्यात एक गुलाबी खडू होता, त्यावर म्हणे "अंगाचा रंग" असं लिहिलेलं. मॅडमनी विचारलं, "हा कुणाच्या अंगाचा रंग आहे, शोधा बरं." पोरांनी तो खडू एकमेकांच्या हाताला, गालाला लावून बघितला. पाटलाच्या पोरीलाही जुळला नाही. सगळी शाळा फिरली आणि शेवटी तो लवटे गुरुजींच्या टाचेला जुळला. गुरुजी खुर्चीत डुलकी घेत होते, पाय वर करून.

हे ऐकून मी इतकी हसले की टाकी बोटावर बसली. त्या दिवशी मी मॅडमला चहा दिला. आणि गोष्ट पण दिली. पाट्याचे पैसे घेते मी, गोष्टीचे नाही.

गोष्ट आमच्या जातीची आहे. वनवासात सीतामाईला सोन्याचं हरिण दिसलं. तिला त्याच्या कातड्याची चोळी हवी झाली. रामदेव हरणामागं गेला आणि पुढं काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. एका चोळीपायी बाईचं हरण झालं, लंका जळाली, एवढं मोठं रामायण घडलं. तेव्हा आमच्या बायकांनी शपथ घेतली, जिच्यामुळं सीतामाईला एवढं भोगावं लागलं ती चोळी आम्ही अंगाला लावणार नाही. म्हणून आम्ही अशा. राजाच्या राणीचं दुःख अजून आम्ही पाठीवर वागवतो, आणि गाव म्हणतं वडारणीला लाज नाही.

गोष्ट संपली तेव्हा मॅडमचे डोळे भरले होते.

"आजी, हे पुस्तकात यायलाच हवं. मोठं पुस्तक करू. मुलं चित्रं काढतील, मी लिहीन. आणि अंबिका वाचेल, तुमच्यासमोर."

"वाचंल?"

"तुम्ही समोर बसा. वाचेल."

म्हणून ती खुर्ची. आणि त्या खुर्चीपायी ही पिशवी.

शेवंता गेल्यावर दिवे लागायच्या वेळी हणमंता आला. पिशवी बघितली, आतलं बघितलं, आणि परत आत ठेवलं. मग म्हणाला, "घाल की एका दिसापुरती. गाव हसलं तुला तर ती पोरगी आणिकच तोंड मिटंल. मग म्हणू नगंस, मी न्हेली म्हणून."

माझ्या पोरानं आयुष्यात शहाणपणाच्या दोन-चार गोष्टी केल्या असतील, त्यातली ही एक. मी विचार केला. मला हसणारे मी आयुष्यभर तुडवत आले. पण खुर्चीवर सगळ्यांच्या पुढं मी बसणार, पोरं खिदळणार, आणि पुस्तकापुढं अंबी उभी असणार. पोरीचं तोंड उघडायला माझं अंग झाकावं लागत असेल, तर झाकू.

अंबीला मात्र काही बोलले नाही. सकाळी ती लवकर गेली, हार बांधायला. ती गेल्यावर सूनबाईनं मला चोळी घातली. हुक लावताना ती सारखी दाराकडं बघत होती. मी म्हटलं, "घोड्याला खोगीर घालतीस तशी घाल, भ्यायचं न्हाई." पण खरं सांगते, काखेत काहीतरी धरून ठेवल्यासारखं वाटत होतं. हात वर गेला की ते म्हणायचं, खाली घे.

शाळेपुढं मांडव घातला होता. खुर्च्या, टेबल, टेबलावर नारळ आणि शाल. साहेब आला होता, गोरागोमटा, कपाळावर घाम. लवटे गुरुजींनी मला लांबूनच बघितलं, आधी खांद्याकडं बघितलं, आणि त्यांचा सगळा जीव भांड्यात पडला. "या तिम्माबाई, या!" असं त्यांनी मला त्याआधी कधी म्हटलं नव्हतं आणि नंतरही नाही.

केतकी मॅडम धावत आली आणि मधेच थांबली.

"आजी... हे काय?"

"तुमच्या गुरुजींनी मान दिलाय."

तिचा चेहरा लालबुंद झाला. "काय म्हणून? हे तुमचं आहे, आजी! तुमची रीत आहे! त्यांना काय अधिकार? मी आत्ता जाऊन सांगते."

"ऱ्हाऊ द्या. आज भांडणाचा दिस न्हाई. पोरगी वाचणार हाय न्हवं?"

"वाचेल," ती म्हणाली, पण नजर अजून गुरुजींवर होती. मला वाटलं, बघ, एक तरी माणूस आपल्या बाजूचं निघालं.

पुस्तक आलं. दोन पोरींनी धरून आणलं, एवढं मोठं, पाट्याएवढं. एका फळ्याला टेकवून उभं केलं. वरच्या पानावर मी. खरंच मीच. काळाभोर रंग, मॅडमनी मुद्दाम मिसळून केलेला. कपाळावरचं गोंदण, नाकातली मोरणी, हातात टाकी. सगळं माझं. आणि अंगात चोळी. लाल. बाह्यांना पिवळा काठ.

मी मॅडमकडं बघितलं. ती पुस्तकाच्या मागं फळा नीट करत होती, खूप वेळ.

गुरुजी आणि मॅडम यांचं वर्षभर कशावरच जमलं नव्हतं. भिंतीवर काय लावायचं, पोरांनी कुठं बसायचं, कशाकशावर नाही. माझ्या अंगात काय घालायचं यावर मात्र न बोलताच एकमत झालं होतं. रंगासकट.

अंबी पुढं आली. तेल लावलेले केस, पायात सूनबाईची चप्पल. तिनं आधी पुस्तकातली अव्वा बघितली, मग खुर्चीतली. माझ्या खांद्यांवर तिची नजर थांबली ती हलेना. मी हातानं खूण केली, वाच. कुंपणापाशी हणमंता उभा होता, दुर्गीला कडेवर घेऊन.

"एक... होती... सीतामाई."

माझ्या काखेतल्या चोळीत घामाची धार लागली. पोरीचा आवाज शाळेत पहिल्यांदा ऐकत होते मी. बोट अक्षरांखालून सरकत होतं. वनवास आला, झोपडी आली, सोन्याचं हरिण आलं. मॅडमनी पान उलटलं. त्या पानाच्या मध्यावर अंबीचं बोट थांबलं.

थांबलं ते थांबलंच.

साहेब पुढं वाकला. "वाच बाळ. सीतामाईला हरिण कशासाठी हवं होतं?"

"चोळीसाठी," अंबी म्हणाली.

साहेबानं चष्मा लावला आणि पान बघितलं. "नाही बाळ. काय लिहिलंय ते वाच."

"चोळीसाठी."

साहेब गुरुजींकडं वळून हळूच म्हणाला. साहेबांचं हळूच म्हणजे आमच्या खाणीपर्यंत ऐकू जाईल एवढं. "पाठ करून घेतलंय हो हिच्याकडून. वाचता येत नाही."

कुंपणापाशी हणमंतानं दुर्गीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. मला त्यातच सगळं कळलं. गाडी, बोचकी, अंबी.

तेवढ्यात अंबीनं बोट पुस्तकावर जोरात दाबलं. "हितं 'खेळायला' लिवलंय. 'सीतामाईला हरिण खेळायला हवं होतं.' पर ते खोटं हाय. अव्वानं चोळीसाठी सांगितलंय. म्हणून आमच्यात चोळी घालत न्हाईत."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मॅडमनी गोष्टीतली चोळी काढली होती आणि माझ्या अंगात घातली होती.

साहेबाला मात्र भलतीच गंमत वाटली. त्यानं माझ्याकडं बोट केलं. "अगं, पण तुझी आजी तर चोळी घालून बसलीय की! आता खोटं कोण, पुस्तक की तू?"

सगळा मांडव हसला. बायका हसल्या, पोरं हसली, गुरुजी तर टाळी देत हसले. मॅडम हसली नाही, पण तिनं मानही वर केली नाही. आणि अंबीनं माझ्याकडं बघितलं. रडली नाही. तिचा खालचा ओठ वरच्या ओठावर हळूहळू चढायला लागला. तो ओठ मला ओळखीचा होता. दोन वर्षं बघत होते. एकदा मिटला की टाकीनंही उघडत नाही.

मी उठले.

"कुठं निघालात, तिम्माबाई?" गुरुजी म्हणाले.

"मान उतरवून येते."

मी तिसरीच्या वर्गात गेले आणि दार लावलं. आता गंमत बघा. आयुष्यात कधी चोळी घातली नाही, तर हुक काढायचा कसा हे कोण शिकवणार? सूनबाईनं घातलं होतं. मी ओढलं, वाकले, भिंतीला घासलं. पहार उचलणारे हात, एवढ्याशा तारेपुढं हरले. बाहेरून साहेबांचा आवाज, "पुढचा विद्यार्थी बोलवा." मी दाराच्या फटीतून हाक मारली, "शेवंते! ये गं, जीव गुदमरला!"

शेवंता आली, हात पिठानं भरलेले, आणि तिनं एकेक हुक सोडवला. या वेळी तिनं हसू पदरात दाबलं नाही.

मी पदर आवळला. आईनं शिकवला तसा. आणि बाहेर आले. मांडव असा चूप झाला की शेजारच्या गोठ्यातली म्हैस रवंथ करताना ऐकू येत होती. मी घडी केलेली चोळी साहेबांच्या पुढ्यात ठेवली, नारळाशेजारी.

"गुरुजींनी दिला होता मान. त्यांना परत करा. त्यांना व्हईल." मग खुर्चीत बसले. "अंबे, आता वाच."

अंबीचा ओठ खाली आला. ती पुस्तकाकडं वळली. "सीतामाईला हरिण चोळीसाठी हवं होतं."

"बाळ, लिहिलंय ते वाच," साहेब म्हणाला. आवाजात आता तेवढा दम नव्हता.

"ते मघाशीच वाचलं की!"

या वेळी मांडव हसला तो दुसऱ्या बाजूनं. हसणाऱ्यांचं काय, दोन्हीकडून हसायला त्यांना सारखीच मजा येते. साहेबानं पाटलाच्या पोरीच्या हातातलं सरकारी पुस्तक घेतलं, मधलंच पान उघडलं आणि अंबीपुढं धरलं. हेच तर मला वर्षभर हवं होतं. पाटलाची पोरगी वाचते ते. त्या पानावर एक आजी होती, गोरी, चष्म्याची, झोपाळ्यावर बसलेली. अंबीनं अडखळत, थांबत, पण सगळं पान वाचलं. आजीनं लाडू दिले इथपर्यंत.

"पुरे," साहेब म्हणाला. "येतं हिला वाचायला."

"मी तरी कवा न्हाई म्हटलं," मी म्हणाले.

हणमंता जवळ आला नाही. कुंपणापाशीच उभा राहिला, आणि दुर्गीला अंबीकडं बोट करून दाखवत होता. दुसऱ्या दिवशी गाडी आली. बोचकी चढली, सूनबाई चढली, दुर्गी तिच्या मांडीवर. अंबी माझ्याजवळ खाली उभी होती. हणमंता म्हणाला, "दुर्गीला तुजी सूनच धरंल. हिला ऱ्हाऊ दे."

संध्याकाळी केतकी मॅडम ते मोठं पुस्तक घेऊन खाणीवर आली. पुस्तक टेकवून ठेवलं आणि नेहमीच्या दगडावर बसली. मी टाकी घालत राहिले.

"का घातली?" मी विचारलं.

"लोक तुम्हाला हसतील असं वाटलं, आजी. आणि सीतेच्या चोळीवरून गावात कुणी वाद घालेल असंही."

"गुरुजींनाबी तसंच वाटलं."

हे तिला लागलं. लागावं म्हणूनच बोलले. मग तिनं झोळीतनं कागद आणि खळ काढली, आणि म्हणाली, "दुरुस्त करते." त्याच दगडावर बसून तिनं पुस्तकातल्या माझ्या चोळीवर काळा कागद चिकटवला, खाली नवी ओळ लिहिली. अंबीनं शेजारी बसून ती वाचली आणि मान डोलावली. मी चहा दिला. चांगली पोरगी होती हो. हसणाऱ्यांची भीती तिला लहानपणी कुणी पाजली होती कोण जाणे.

दोन वर्षं संपली आणि ती पुण्याला गेली. गुरुजींची बदली झाली. चोळी शाळेतच राहिली. शेवंता अजून खिचडीचं गरम पातेलं त्या मानानंच चुलीवरून उतरवते.

अंबी आता दहावीत आहे. तिनं मलाही शिकवलं. माझी एक इयत्ता लहानपणी झाली होती, अक्षरं ओळखू येत होती, पण त्यांची एकमेकांशी गाठ पडत नव्हती. ती गाठ तिनं पाडून दिली, वरवंट्यावर कोळशानं लिहून.

परवा दुर्गी शाळेतून एक पुस्तक घेऊन आली. तीही आता माझ्याजवळच असते, दुसरीत आहे. गुळगुळीत कागद, छापील. मॅडमच्या संस्थेनं काढलेलं, सगळ्या शाळांना वाटलेलं. वरच्या पानावर एक बाई होती. बरीच उजळ, हसरी, कमरेवर घागर, अंगात लाल चोळी. बाह्यांना सोनेरी काठ. टाकी नव्हतीच. मी म्हटलं, "कोण गं ही?"

"खाली तुजंच नाव लिवलंय, अव्वा."

मी पुस्तक मांडीवर घेतलं आणि तिला गोष्ट वाचून दाखवायला बसले. बोट अक्षरांखालून सरकवत, अंबीनं शिकवलं तसं. वनवास झाला, झोपडी झाली, सोन्याचं हरिण आलं.

"सीतामाईला हरिण चोळीसाठी हवं होतं," मी वाचलं.

दुर्गीनं माझं बोट धरलं आणि मागं नेलं. "न्हाई अव्वा. हितं 'खेळायला' लिवलंय."

मी बघितलं. खरंच तसं लिहिलं होतं. किती ठणठणीत वाचलं होतं पोरीनं. एकदाही अडखळली नाही.

"शाब्बास," मी म्हटलं. "बरोबर वाचलंस." आणि पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. "आता हिकडं ये. कशाला हवं हुतं ते सांगते."